धर्मांतरात घरं तुटली, त्याचीही नोंद हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या सातारा-सांगली भागातल्या मिशनऱ्यांचा विषय निघाला की चर्चा दोनच टोकांवर जाते. एक बाजू शाळा-दवाखान्यांचे गोडवे गाते, दुसरी 'पोटासाठी बाटले' म्हणून मोकळी होते. ज्या घरातून एक माणूस धर्म बदलून गेला, त्या घराचं काय झालं हे कोणी विचारतच नाही.

उपकार मी नाकारत नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई अध्यापन शिकल्या त्या नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये. मिरजेत डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या दवाखान्याने किती जीव वाचवले! पण मिशनला साहेबाच्या राज्याचा आसरा होता आणि त्या राज्याचे कायदे थेट माजघरात आले. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वडिलोपार्जित वाटा शाबूत ठेवला. त्या माणसापुरता तो न्यायच होता. मात्र आपल्याकडे वाट्याबरोबर श्राद्धपक्ष येतो, कुलधर्म येतो, पालीच्या खंडोबाचं जागरण येतं. नव्या धर्मात हे सगळं निषिद्ध. म्हणजे जमीन वाटली गेली आणि देव मात्र एकाच भावाच्या गळ्यात राहिला. पुढे १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला विवाह मोडून मागता येऊ लागला. ज्या जातींत काडीमोड नव्हता, तिथली बाई कोर्टाने मोकळी केली तरी तिला उभं कोण करणार होतं?

आपली माणसंही कमी निष्ठुर नव्हती. जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ करणारे आईबाप आपलेच. १८४३ साली मुंबईत मिशनऱ्यांकडे राहिलेला श्रीपत शेषाद्री हा मुलगा कोर्टाने वडिलांच्या हवाली केला. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातन्यांनी बाळशास्त्र्यांनाच धारेवर धरलं. मिशनने दार उघडलं ते एकाच बाजूने, आणि मागचं दार आपण लावून घेतलं.

या सगळ्याची झळ बायकांना सर्वांत जास्त बसली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतरची काही वर्षं लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्या कर्तृत्ववान होत्या, लिहित्या होत्या, म्हणून ते दुःख आपल्याला कळलं. बाकीच्यांचं कोणी लिहिलं?

हेच टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. ख्रिस्ताची भक्ती करायला साहेबी वळण लागत नाही, ती अभंगातून, भजनातून, आपल्या मातीत राहून होते, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये ते गेले. कुटुंब आणि संस्कृती न तोडता श्रद्धा बदलता येते का, या प्रश्नाशी इतक्या प्रामाणिकपणे झुंजलेला माणूस आपल्या गावात राहून गेला आणि सातारच्या किती शाळांत मुलांना हे सांगितलं जातं?

माझी विनंती सातारा-सांगलीतल्या हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांना आहे. लग्नकार्याला बोलावणं कधी थांबलं, कुलदैवताला जाणं कुणी सोडलं, कुणाचं नाव घरात घेऊ नये असं ठरलं, हे ज्यांना आठवतं ती माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घ्या. जुनी पत्रं असतील तर रद्दीत न घालता नगर वाचनालयात द्या. आपल्या दैनिकाने अशा आठवणींसाठी आठवड्याला अर्धं पान दिलं, तर सुरुवात इथूनच होईल.

आपला,
एक वाचक, सातारा