आधी ओळख लिहून द्या, मग शिका?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला पॉप्युलर म्युझिकच्या (लोकप्रिय संगीताच्या) मास्टर्स पदवीवरचा लेख वाचला. या विषयाला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण कलाकाराला स्वतःची ओळख अशा अभ्यासक्रमातून मिळत नाही, हा लेखकांनी दिलेला निकाल मला मुळीच मान्य नाही. ‘ओळख रंगमंचावर मिळते, वर्गात नाही’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. असं म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या वर्गात बसले आहेत? मी बसले आहे, म्हणून लिहिते.

आधी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबद्दल. लेखकांच्या मते त्याने न्यूयॉर्कचं जुलिअर्ड हे संगीत विद्यालय सोडलं म्हणून तो मोठा झाला. तो १९४४ मध्ये तिथे दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी शिक्षण सोडून सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर वाजवू लागला, हे खरं आहे. पण त्या काळी जुलिअर्डमध्ये जॅझ शिकवतच नव्हते. जॅझचा अभ्यासक्रम तिथे सुरू झाला २००१ मध्ये. त्याचं संगीत जिथे शिकवलंच जात नव्हतं, ती जागा त्याने सोडली. जिथे ते शिकवलं जातं, तिथे जाऊ नये असा अर्थ त्यातून कसा निघतो? शिवाय तिथल्या शिक्षणाने आपला थिअरीचा, म्हणजे संगीतशास्त्राचा, पाया पक्का झाला, हे त्याने स्वतःच पुढे मान्य केलं होतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

दुसरा आरोप असा की या वर्गांत दुसऱ्यांची नक्कल करायला लावतात आणि सगळे एकसारखे होऊन बाहेर पडतात. नक्कल करायला लावतात, अगदी खरं. अमेरिकन गायक रे चार्ल्सच्या १९४९-५० च्या रेकॉर्ड्स ऐका, त्याच्या आधीचा प्रसिद्ध गायक नॅट किंग कोल गातोय असं वाटेल. हे त्याने कधी लपवलं नाही. ज्याला आज आपण रे चार्ल्सचा आवाज म्हणतो, तो १९५४ च्या सुमाराला पूर्णपणे त्याचा झाला. मधली वर्षं वाया गेली, असं कोणी म्हणेल का? ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी विद्यार्थ्यांना हाच क्रम सांगायचे: आधी नक्कल, मग ते अंगी मुरवणं, मग स्वतःचं काही.

चांगल्या वर्गात नक्कल तिथेच थांबत नाही. एखाद्या गायिकेची ओळ कागदावर न उतरवता कानाने उचलायची. ती श्वास कुठे घेते, शब्द ठोक्याच्या किती मागे टाकते, ओळीच्या शेवटी स्वर कसा सोडते, हे सगळं जसंच्या तसं. मग स्वतःचं रेकॉर्डिंग करून सगळ्यांसमोर ऐकायचं. माझ्या वर्गातल्या एका ड्रमरने मला सांगितलं की मी प्रत्येक ओळीचा शेवट एकाच पद्धतीने वाकवते, आणि ही लकब कोणाची तेही त्याने सांगितलं. मी वर्षानुवर्षं ती माझीच समजत होते. रंगमंचावर हे कोण सांगणार होतं? तिथे टाळ्या पडतात, आणि टाळ्या बहुतेक वेळा त्या उसन्या लकबीलाच पडतात. पॉप वाजवणारे कानाने, रेकॉर्डवरून आणि मित्रांच्या संगतीत शिकतात, हे लंडनच्या संगीतशिक्षणाच्या अभ्यासक ल्यूसी ग्रीन यांनी आपल्या संशोधनातून दोन दशकांपूर्वीच दाखवून दिलं आहे. चांगले अभ्यासक्रम हीच पद्धत वर्गात आणतात. लेखकांनी अशा एका वर्गात तासभर बसून यायला हवं होतं.

टीकाच करायची होती तर ती परीक्षेच्या पद्धतीवर करायची होती. लेखात त्याबद्दल एक ओळ नाही आणि माझा खरा राग तिथेच आहे.

आम्हाला अभ्यास सुरू झाल्या झाल्या एक पान, म्हणजे ‘प्रस्ताव’, लिहून द्यावं लागलं. मी कलाकार म्हणून कोण, माझी शैली कोणती, माझे श्रोते कोण, मी कोणासारखी. मी लिहिलं, सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण गायनशैली) गायिका, मोठा आवाज, मागे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं. तेव्हा ते खरंच होतं. पुढे त्या लकबी एकेक करून गळत गेल्या. मी खालच्या पट्टीत गाऊ लागले, ब्रास गेलं, ड्रम्स गेले आणि शेवटच्या रिसायटलमध्ये, म्हणजे परीक्षेच्या मैफलीत, बराच वेळ फक्त माझा आवाज आणि एक बास (खालच्या स्वरांचं तंतुवाद्य) एवढंच उरलं. मी इतकी मोकळी आधी कधीच गायले नव्हते. गुणपत्रिकेत एक रकाना होता, ‘प्रस्तावाशी सुसंगती’. त्यात मला सर्वांत कमी गुण मिळाले. खाली शेरा होता की सादरीकरण प्रभावी आहे, पण प्रस्तावात मांडलेली कलाकार यात दिसत नाही.

ती दिसणार कशी? ती बदलावी म्हणूनच तर मी तिथे गेले होते! ज्यांनी पहिल्या महिन्यात लिहिलेलं शेवटपर्यंत इमानाने धरून ठेवलं, त्यांचा तो रकाना भरभरून गेला. १९६८ च्या पहिल्या रेकॉर्डवरची कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल, तो उंच स्वच्छ आवाज आणि गिटार, आठवा. १९७६ मध्ये तीच जॅझ वादक जॅको पास्टोरियसच्या बासबरोबर गाते आहे. तिला कोणी १९६८ चं पान दाखवून गुण कापले असते का?

परीक्षकांना काहीतरी लेखी आधार लागतो, हे मला कळतं. नाहीतर आवडीनिवडीवर गुण दिले जातील. पण मग ते पान शेवटी लिहून घ्या, किंवा दर सत्राला बदलू द्या, आणि विद्यार्थ्याने काय टाकून दिलं आणि का टाकून दिलं यावर गुण द्या. श्रोता कोण, तुम्ही कोणासारखे, हे प्रश्न प्रसिद्धीच्या पत्रकातले आहेत. विकायला काढलेल्या कलाकाराला ते विचारतात. जो अजून शोधतो आहे त्याला आधीच लेबल चिकटवलं, तर तो शोध थांबवतो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्गातल्या सर्वांत हुशार गिटारवादकाने त्या पानावरची शैली दुसऱ्या सत्रातच मनातून सोडली होती, तरी गुणांसाठी तो ती शेवटपर्यंत वाजवत राहिला.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत बँडचा फोटो छापलात आणि खाली ओळ दिलीत, ‘गायिका आपल्या साथीदारांसह’. त्या चार वादकांना नावं आहेत. बासवादकालाही स्वतःचा नाद असतो. तो घडवायला त्याला गायिकेइतकीच वर्षं लागतात, आणि हे मास्टर्स करणाऱ्यांत वादकही असतातच. कलाकाराच्या ओळखीवर अर्धं पान लिहायचं आणि त्याच पानावर चार कलाकारांना निनावी ठेवायचं, हे मला फार लागलं. तुमच्या संगीताच्या पानावर हे नेहमीच होतं. पुढचा फोटो छापण्याआधी कृपया बँडला एक फोन करून सगळ्यांची नावं विचारा, आणि या फोटोतल्या चौघांची नावं येत्या पुरवणीत द्या.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक