औषध घरी कसे घेतले जाते, हे आम्हाला एकत्र शोधू द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते. औषधांच्या योग्य वापरावर डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका आणि समाजशास्त्राचे अभ्यासक यांना एकत्र संशोधन शिकता यावे, अशी व्यवस्था करा, हे मागण्यासाठी हे पत्र.

मेथोट्रेक्सेटचेच घ्या. संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात आणि वेळीच लक्षात आले नाही तर माणूस दगावतो. ही चूक जगभर होत आली आहे. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असते, पण वार नसतो. मेडिकलमधून मिळणारी पट्टी रोजच्या गोळ्यांच्या पट्टीसारखीच दिसते. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही बहुधा तशीच लहान आणि पिवळी. पट्टीवर मराठीचे एक अक्षर नसते. आणि घरी आजींना गोळ्या काढून देणारी सून किंवा नातू दवाखान्यात आलेलेच नसतात.

यातले डॉक्टरला फक्त चिठ्ठीपुरते दिसते. फार्मासिस्टला पट्टी दिसते, परिचारिकेला रुग्णाचा गोंधळ. 'बुधवारी घ्या' म्हणण्यापेक्षा 'बाजाराच्या दिवशी घ्या' म्हटले तर गोळी चुकणार नाही का, हा प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयातल्या सिस्टरलाच सुचेल. तो तपासायचा कसा, त्यासाठी किती रुग्ण लागतील, हे संख्याशास्त्र जाणणारा सांगेल. घरात औषधांचा कारभार कोणाच्या हाती असतो, ते समाजशास्त्राचा विद्यार्थी शोधून काढेल. ही माणसे आज एका टेबलाशी बसतच नाहीत.

बसणार तरी कशी? एमबीबीएस आणि नर्सिंगची महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर बी.फार्म., फार्म.डी. या फार्मसीच्या पदव्यांची महाविद्यालये दुसऱ्या विद्यापीठांकडे, उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली. सहा वर्षांची फार्म.डी. पदवी देशात 2008 पासून आहे. त्या मुलांना वॉर्डात रुग्णांची औषधे तपासायला शिकवले जाते. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम ठरवले. तरीही त्यांचा प्रकल्प एकीकडे आणि आमच्या एमडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध दुसरीकडे होतो. अशाने रुग्णाची अर्धीच हकीकत कळते, आणि हे मला फार सलते.

2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम चालू आहे. तो मोलाचाच आहे, पण औषधाने काय केले हे त्यातून जितके कळते, तितके ते घरी कसे घेतले गेले हे कळत नाही. शेड्यूल एच-1 या औषधांच्या सरकारी यादीचेही तेच. मार्च 2014 पासून ठरावीक अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधे विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. कोणते औषध कोणाच्या चिठ्ठीवर किती गेले, हे त्यात लिहिलेले असते. तपासणीपलीकडे या वह्या उघडतो कोण? रुग्णांची नावे झाकून एखाद्या तालुक्याच्या वह्या नीट वाचायला मिळाल्या, तर प्रशिक्षणार्थ्यांच्या गटाला वर्षभराचे काम मिळेल.

अभ्यासक्रमाचे ओझे आधीच फार आहे, ही हरकत येईल. नवा पेपर मी मागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातले काही प्रबंध संयुक्त होऊ द्या: विषय जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाने सुचवलेला, मार्गदर्शक दोन आणि तेही वेगवेगळ्या शाखांचे. रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलून माहिती कशी घ्यावी, हे सगळ्यांना सोबतच शिकवा. काम संपल्यावर निष्कर्ष त्याच रुग्णालयाला मराठीत मिळाले पाहिजेत, ही अट घाला. सेवेतल्या परिचारिकांना आणि फार्मासिस्टना यासाठी वर्षभराची पगारी रजा किंवा विद्यावेतन द्यावे लागेल. मुख्य खर्च तोच, आणि त्यात काटकसर करू नये. नाहीतर गटात पुन्हा आम्ही डॉक्टरच उरू.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्मी करण्याचे आवाहन केले होते. ती मुदत उलटून गेली आहे.

तेव्हा पुढच्या तुकडीच्या प्रबंधांचे विषय ठरण्याआधी आपण आणि उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांनी दोन्हीकडच्या कुलगुरूंची एक बैठक बोलवावी, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक महसूल विभागातल्या निदान एका जिल्हा रुग्णालयात हे काम सुरू करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
औषधशास्त्राची एक प्राध्यापिका