काका, सहावा दिवा विझला!

काका, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय.

ती पीडीपी-८/ई, म्हणजे सत्तरच्या दशकातला जुना कॉम्प्युटर, भंगारातून गिरगावच्या खोलीत आणली तेव्हा मी त्याच रात्री प्लग लावणार होतो. तुम्ही फोनवर ओरडलात म्हणून वाचली. मशीन अमेरिकेतलं, ११५ व्होल्टवालं, आणि आपल्याकडे २३०, शिवाय पॉवर सप्लायचे कपॅसिटर कित्येक वर्षं विजेविना उपाशी. तुम्ही मेगाब्लॉकच्या रविवारी डोंबिवलीहून डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) आणि सिरीज बोर्ड (करंट आवरायला मध्ये बल्ब लावलेला बोर्ड) घेऊन आलात, सगळी कार्डं बाहेर काढायला लावलीत आणि नुसता सप्लाय थोडा थोडा व्होल्टेज चढवत दिवसभर बघत बसलात. एवढा धीर मी कुणात बघितला नाही खरंच.

पण माझ्या डोक्यात बसलंय ते मेमरीचं. कुठल्याही पत्त्यावर शून्य भरा, परत वाचा, तर पॅनेलवरच्या बारा दिव्यांत (एका बिटाला एक दिवा) डावीकडून सहावा लागलेलाच, म्हणजे ऑक्टलमध्ये (आठच्या पटीतले आकडे, एका आकड्यात तीन बिट) ०००० च्या जागी ०१००. मी म्हटलं कोअरचा, म्हणजे तारांत ओवलेल्या चुंबकी कड्यांच्या मेमरीचा, स्टॅकच गेला, ४०९६ शब्द गुणिले १२ बिट म्हणजे ४९,१५२ चुंबकी कड्या, कुठली तुटली कसं शोधणार? तुम्ही म्हणालात, अरे एक कडी गेली तर एकच पत्ता बिघडेल, इथे सगळीकडे तोच बिट अडकलाय. मग पेन्सिलीने काढून दाखवलंत की कोअरमध्ये वाचलं की ते पुसलं जातं म्हणून मशीन लगेच परत लिहितं, आणि लिहिताना प्रत्येक बिटात १ च जायला बघतो, जिथे शून्य ठेवायचंय तिथे इनहिबिटचा उलटा करंट त्याला अडवतो. अडवणाराच मेला तर कायम १! म्हणजे स्टॅकला हात लावायचा नाही, बिट वाचणारा आणि अडवणारा सेन्स-इनहिबिट बोर्ड बघायचा. शेजारच्या बिटाशी मीटरने ताडून बघितलं आणि एक ट्रान्झिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, निघाला. मी स्टॅक सोडवायला बसलो असतो तर त्या केसासारख्या तारा तुटून कायमचं संपलं असतं सगळं.

नवा ट्रान्झिस्टर तुम्हीच लॅमिंग्टन रोडवर दोन तास हिंडून डेटाशीटशी जुळवून घेतलात, पैसेही घेतले नाहीत.

मग ०२०० वर ७००१ (एक मिळव) आणि ०२०१ वर ५२०० (परत ०२०० वर जा) स्विचने भरून रन केलं, दिव्यांचा नॉब एसीवर, म्हणजे बेरीज साठते त्या अ‍ॅक्युम्युलेटरवर, तर बाराही दिवे अर्धवट उजळले. मला वाटलं परत बिघडलं. तुम्ही सिंगल स्टेप दाबायला सांगितलंत आणि कंटिन्यू दोनदा दाबलं की आकडा एकाने वाढायला लागला, धावताना तो डोळ्याला दिसेना इतक्या वेगात मोजत होतं बिचारं. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात, मी बघितलं ते.

काका, तुम्ही गेल्यावर मी मेन बंद केला. आज आठवड्याने चालू करून ०२०० वाचलं. ७००१. पुढचं ५२००. वीज नसतानाही कड्यांनी लक्षात ठेवलं, तसंच आहे सगळं. मनापासून आभार काका, आणि या रविवारी मेगाब्लॉक तुमच्या लाइनला नाहीये.