मॅडम, तुम्ही हात उचलला नाहीत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी "येतो" म्हणून उठलो आणि आभार मानायचे राहूनच गेले. घसा दाटून आला होता. म्हणून आज लिहितोय.

प्रश्न साधा होता. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, इतका खाली आलाय की तपासणीत विषाणू सापडत नाही, मग गोळ्या आयुष्यभर कशाला? तुमच्याआधी तिघांना हेच विचारलं होतं. पहिल्यांनी "सांगितलंय तेवढं करा" म्हणत फाइल मिटली. दुसऱ्यांनी बोलता बोलता खुर्ची मागे सरकवली. तिसऱ्यांनी नुसती नाडी बघायला दोन-दोन हातमोजे चढवले. स्पर्शाने एचआयव्ही पसरत नाही, हे डॉक्टरांना मी सांगायचं?

तुम्ही टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसलात. "मूठ करा," म्हणालात. "ही लागण झालेली सीडी४ पेशी, शरीराचं रक्षण करणारी पांढरी पेशी." आणि तुमचा उघडा हात माझ्या मुठीवर ठेवलात. "ही सीडी८, मारेकरी टी पेशी. पेशीच्या अंगावर विषाणूचे तुकडे दिसले की अशी चिकटते, परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिनं सोडते, काम तमाम करते आणि पुढच्या पेशीकडे निघते." हात उचललात.

मग पुन्हा ठेवलात. "आता ही मूठ म्हणजे मॅक्रोफेज, जंतू गिळणारी पेशी." या वेळी मात्र हात उचलला नाहीत.

मॅक्रोफेज चिवट असते, लागण होऊनही लवकर मरत नाही, विषाणू आतल्या कप्प्यांत साठवते, तिच्या भावकीतल्या पेशी मेंदूतही ठाण मांडून असतात, हे सगळं सांगताना तुमचा हात तसाच होता. मारेकरी पेशी तिलाही मारते, पण फार वेळ लागतो. तोवर ती बिलगून राहते, इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडत राहते आणि त्यातून दाह वाढतो, हे प्रयोगशाळेतलं संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं म्हणालात. टी पेशी नुसती मारत नाही, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. तिने सोडलेली काही केमोकाइन्स, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रथिनं, पेशीवरच्या सीसीआर५ नावाच्या दारावर जाऊन बसतात आणि विषाणूला आत शिरू देत नाहीत. केवढी झुंजत असते ती! मी इतकी वर्षं माझं शरीर हरलंय असंच समजत होतो.

गोळ्या नव्या पेशींना वाचवतात, दडून बसलेल्या विषाणूला हुसकावत नाहीत. सुप्त सीडी४ पेशींतला साठा तर वेगळाच. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचा लोड काही आठवड्यांत पुन्हा चढतो. उत्तर एवढंच होतं. ते द्यायला तुम्हाला जेमतेम दहा मिनिटं लागली असतील.

ज्ञान पुष्कळांकडे असतं, मॅडम. ते शेजारी बसून द्यावं असं वाटणारी माणसं मला फार थोडी भेटली. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तपासणीला जायचं बळ येतं, हे अगदी मनापासून सांगतो.

निदान झाल्यापासून मी घरातही हात आखडून बसायचो. त्या रात्री आई शेजारी येऊन बसली, "डॉक्टर काय म्हणाल्या?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "मूठ कर."

आपला ऋणी,
तुमचा एक रुग्ण