फोन तासभर आधी का आला

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन साडेआठऐवजी साडेसातलाच वाजला आणि आईच्या पोटात गोळा आला, असं चिनू म्हणाली. काही झालेलं नाही गं. मी नेहमीसारखा सकाळी सातलाच लावला होता, घड्याळ बदललं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला इथे कॅलिफोर्नियात सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. सूर्य बिचारा आपल्या जागी असतो, वेळ सरकारच सरकवतं. म्हणजे शनिवारी संध्याकाळी पावणेसातला अंधार आणि रविवारी त्याच पावणेसातला उजेड, शेजारच्या गाडीत कोण बसलंय ते ओळखू यावं इतका. हसू नका बाबा, पोलीस गाड्या अडवताना वंश बघतात का ते तपासायचं आमचं काम, त्यात या तासाला सोन्याचा भाव आहे.

टीव्हीवर इथले पोलीस बघून 'तुला तर कोणी अडवत नाही ना' असं तुम्ही विचारलंत, ते आधी. मी ठीक आहे. पोलिसाने गाडी अडवली तर आपल्यासारखं उतरून साहेबांकडे जायचं नसतं. बाजूला घ्यायची, इंजिन बंद, रात्री आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि लायसन्स काढण्याआधी हात कुठे चाललाय ते सांगायचं. २०२४ पासून कॅलिफोर्नियात पोलिसाला आधी कारण सांगावं लागतं, प्रश्न त्यानंतर. आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्याच्या मागे सहसा कोणी लागत नाही. ज्यांच्या लागतात त्यांच्या नोंदी मी दिवसभर चाळतो.

"काहीतरी केलं असेल म्हणूनच अडवतात," हे बाबांचं वाक्य इथेही ऐकू येतं. ते रागावून खोडता येत नाही, मोजावं लागतं. नुसती लोकसंख्या शेजारी ठेवून भागत नाही, कारण गाडी कोण किती चालवतं, गस्त कुठे जास्त, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून तो पावणेसातचा तास. कामावरून परतणारी माणसं तीच, रस्ता तोच, बदलला फक्त उजेड. उजेडात अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं, तर पोलीस चेहरा बघतोय. ही पद्धत २००६ साली इथल्याच ओकलंड शहराच्या आकड्यांवर छापून आली तेव्हा फारसा फरक दिसला नव्हता. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी देशभरच्या जवळपास १० कोटी नोंदी तपासल्या, तेव्हा दिसला. रस्त्यावरचे दिवे असतात, गाडीचं मॉडेल पाहूनही माणूस अंदाज बांधतो, त्यामुळे या एका कसोटीवर विसंबायचं नाही.

दुसरी कसोटी दादरच्या पुलावरच्या टीसीची. समजा त्याने सॅकवाल्या १०० पोरांना धरलं, १० विनातिकीट निघाली. टायवाल्या १०० जणांना धरलं, २० निघाले. म्हणजे टायवाल्याला हात लावायला त्याला पक्का संशय लागतो, पोराला धरायला सॅक पुरते. मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावच्या पोलिसांवर अमेरिकेच्या न्याय खात्याचा २०१५ चा अहवाल आहे, त्यात हेच निघालं: कृष्णवर्णीय चालकांची झडती दुपटीहून जास्त, आणि बेकायदा काही सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी.

यासाठी कोणी पोलीस मनाने वाईट असावा लागत नाही. नंबरप्लेटचा दिवा गेलाय एवढ्यावर कोणालाही अडवता येतं, सुप्रीम कोर्टानेच १९९६ मध्ये ती मोकळीक दिली. मग उपाय म्हणून सगळे मनातल्या पूर्वग्रहांवर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवतात. स्लाइड्स, कॉफी, हजेरीवर सही. न्यूयॉर्कमध्ये त्याचा परिणाम मोजला, रस्त्यावरच्या आकड्यांत फरक दाखवता आला नाही. ओकलंडमध्ये फरक पडला तो अडवल्यावर पोलीस भरतो त्या फॉर्मवरच्या एका प्रश्नाने: ही गाडी ठोस माहितीवरून अडवली का, हो की नाही? स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या गटाने तो सुचवला. २०१७ मध्ये सुमारे ३२,००० वेळा लोकांना अडवलं होतं, पुढच्या वर्षी १९,०००. कृष्णवर्णीयांना अडवणं ४३ टक्क्यांनी घटलं, आणि म्हणून गुन्हे काही वाढले नाहीत.

फॉर्ममध्येही मेख आहे. समोरच्याचा वंश विचारायचा नसतो, पोलिसाला जो वाटला तो लिहायचा. तिथे चुकीचं लिहिता येतं. झडतीच्या कारणात सरसकट 'संमतीने' असं टाकता येतं. म्हणून कंट्रोल रूमच्या वेळा आणि छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावून पडताळावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण पगार त्याचाच मिळतो.

बाबा, जूनमध्ये आलात की सकाळी खुशाल फिरायला जा. अलाबामात २०१५ मध्ये फिरायला निघालेल्या गुजराती आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटलं, ते प्रकरण तुमच्या डोक्यात आहे, ठाऊक आहे मला. तिथे फिरणारा माणूस संशयास्पद वाटून शेजाऱ्यानेच पोलिसांना फोन केला होता. अशा वेळी फोन घेणाऱ्याने 'तो नेमकं करतोय काय?' हे विचारायचं असतं. आमची गल्ली शांत आहे. तरी खिशात पत्ता आणि माझा नंबर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवू. उगाच, आपली असावी म्हणून.

चिनूच्या साखरपुड्याला मला जमत नाही, रजा नाही. तिला मी सांगितलंय, ती 'बरं' एवढंच म्हणाली. लग्नाला डिसेंबरमध्ये नक्की, तिकीट काढलंय. सोमवारी ३ लाख पाठवले आहेत, दोन-तीन दिवसांत जमा होतील, एफडी मोडू नका. आई, नाशिकच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी छान आहे, पण तिला इकडे यायचंय का, हे आधी तिलाच विचारा, तिच्या वडिलांना नको. हॉलवाल्याला ॲडव्हान्स चेकनेच द्या आणि पावती घ्या.

तुमचा,
मन्या