गाडीत शिरणाऱ्या पाण्याची वाट शोधून देणाऱ्या मेस्त्रींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,
सादर नमस्कार वि. वि.

"काम केलं, पैसे घेतले, त्यात आभार कसले?" असे म्हणून आपण फोनवर विषय संपवला होता. तरीही हे पत्र लिहीत आहे, आणि चारचौघांना वाचता यावे म्हणून जाहीरपणे लिहीत आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडे ये-जा करणाऱ्या माणसाला पावसाळ्यात गाडीत पाणी येणे नवीन नाही, आणि त्यावरचा सर्रास उपाय म्हणजे पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉनची नळी पिळून मोकळे होणे. ती नळी हातात घ्यायलाच आपण नकार दिलात, म्हणून पहिले आभार त्याचे.

मृगाच्या सरींत आम्हाला काहीच जाणवले नव्हते. आर्द्रा सरून तरणा (पुनर्वसू नक्षत्राचा) पाऊस लागला, तशी चालकाशेजारच्या सीटपुढची मॅट ओली होऊ लागली, मागच्या डाव्या बाजूला कुबट वास धरला आणि सकाळी सगळ्या काचा आतून धूसर दिसू लागल्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या शेडमध्ये गाडी आणण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी काचेभोवती सिलिकॉन भरून झाले होते, त्याचे पैसेही देऊन झाले होते, आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच येत होते.

गाडीला हात लावण्याआधी आपण मला प्रश्न विचारलेत. पाणी गाडी चालताना येते की उभी असताना? एसी लावल्यावर येते का? पाण्याला गोडसर वास किंवा हाताला चिकटपणा आहे का? घरी गाडी उतारावर लावता की सपाटीला, आणि तोंड वर असते की खाली? वरच्या झाडाचे नावही आपण विचारलेत, तेव्हा मला त्याचे आश्चर्य वाटले. प्रत्येक प्रश्नामागचे कारण आपण नंतर उलगडून सांगितलेत. एसीच्या निचऱ्याची नळी तुंबली तर पाणी स्वच्छ असते आणि ते कोरड्या दिवशीही येते. हीटरची जाळी गळत असेल तर रंगीत, चिकट कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) येते आणि काचेवर तेलकट थर बसतो. आमच्याकडे यातले काहीच नव्हते. पाणी फक्त जोराच्या पावसात, गाडी उभी असताना यायचे, आणि रिमझिम रात्रभर चालली तरी मॅट कोरडी राहायची. पाणी कुठेतरी साचून, वर चढून मग आत येत असावे, असा तर्क आपण तेव्हाच बांधला होता.

मॅट उचलून आपण वरवरचे पुसून घेतले नाहीत. सीट काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवलीत, कारण सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमधून एअरबॅगची वायर जाते. मग पूर्ण कार्पेट उलटवून दाखवलेत. वरून हाताला जेमतेम दमट लागणाऱ्या त्या कार्पेटच्या पाठीला चिकटलेला जाड फोम दाबताच पाणी गळू लागले. त्याखालच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उठले होते. आणखी एक पावसाळा गेला असता तर काय झाले असते, ते वेगळे सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरची दुपार मला विशेष आठवते. काचेवरून एकदम पाणी सोडण्याऐवजी आपण खालून वर जायचे ठरवलेत: आधी उंबरठ्याची पट्टी, मग दार, मग काचेची खालची कड आणि सर्वांत शेवटी छत. खालच्या जागा कोरड्या ठरल्याशिवाय वर पाणी घालायचे नाही, नाहीतर ओघळ कुठून आला हे कळतच नाही. वॉशिंगच्या जोराच्या फवाऱ्याला आपण हात लावू दिला नाहीत, कारण तो धडधाकट रबरातूनही पाणी आत ढकलतो. साध्या पाइपची हलकी धार आणि भरपूर वेळ, एवढेच साधन. मला टॉर्च देऊन आत बसवलेत, डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवलीत आणि बाहेरच्या पोराला कानडीत सांगितलेत, "नीरु बिडु" (पाणी सोड).

दाराच्या पट्टीवर आणि रबरांवर धार धरली, तरी पुढच्या बाजूला काही आले नाही. वायपरखालच्या जाळीवर मात्र पाणी पडत राहिले आणि बराच वेळ काहीच घडले नाही. कंटाळून मी टॉर्च खाली ठेवणार, तोच ग्लोव्हबॉक्सच्या मागून, ब्लोअरच्या (एसीच्या पंख्याच्या) डब्याच्या कडेने एक थेंब खाली आला आणि पांढऱ्या पावडरीत त्याने करड्या रंगाची बारीक रेघ ओढली. "साकु!" (पुरे!) म्हणत आपण पाणी बंद करवलेत. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बाहेर काढला तर तो पिळून घेण्याइतका भिजलेला होता.

वायपर आणि ती जाळी उघडल्यावर झाडाचे नाव का विचारले होते, ते मला समजले. आमच्या दारात चिंच आहे. तिची बारीक पाने जाळीतून सहज आत गेली होती आणि कुजून त्यांचा काळा, चहाच्या चोथ्याहून घट्ट गाळ दोन्ही टोकांच्या निचऱ्याच्या छिद्रांवर बसला होता. थोड्या पावसाचे पाणी त्यातून झिरपून जाई. मुसळधार पावसात मात्र ते जाळीखाली हौदासारखे साचे आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या ब्लोअरच्या तोंडातून थेट गाडीत उतरे. पुढची काच मुळात गळतच नव्हती.

बहुतेक ठिकाणी काम इथेच आटोपले असते. गाळ निघाला, छिद्रे मोकळी झाली, ग्राहक खूश. आपण मात्र मागच्या डाव्या बाजूचा कुबट वास विसरला नव्हता. पुढचे पाणी मागे वाहत गेले असेल, असे मी म्हणालो. त्यावर आपण मधल्या आडव्या पट्टीकडे बोट दाखवून ती ओलांडून एवढे पाणी जाणार नाही, असे शांतपणे सांगितलेत आणि मागच्या दाराच्या काचेवर धार धरलीत. दाराच्या पॅडखालून पाणी उंबरठ्यावर उतरू लागले.

दारात पाणी शिरतेच आणि ते शिरावे अशीच दाराची रचना असते, हे मला आपल्याकडूनच कळले. काचेच्या रबरातून आत उतरलेले पाणी दाराच्या पोकळीतून खाली जाते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते माणसांच्या बाजूला येऊ देत नाही. आमच्या त्या दाराचे काच वर-खाली करणारे मशीन पूर्वी दुरुस्त झाले होते, तेव्हा हा पडदा फाडून काढला गेला होता आणि परत बसवताना खालची कड नुसती टेकवून ठेवली होती. आपण जुना डिंक खरवडलात, नवीन ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) पडदा सगळीकडून दाबून बसवलात आणि तळाची छिद्रे तारेने मोकळी केलीत. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला ठिबकणारी जागा आणि सरकलेले कौल यांतले अंतर ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही सगळेच जिथे ओले तिथेच भोक शोधत बसतो.

काचेभोवतीचे सिलिकॉन काढायला आपल्याला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तेवढ्या वेळापुरते आपण चिडलेलेही होता. ते रास्तच होते. काच पुढेमागे बदलायची वेळ आली, तर तिथे काच चिकटवणारे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट धरले पाहिजे आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर ते नीट धरत नाही. सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडणाऱ्या स्वस्त सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल निघते, ते उघड्या पत्र्याला गंज आणते. शिवाय पुढची काच ही गाडीच्या सांगाड्याची ताकद धरून ठेवते, आणि डाव्या सीटची एअरबॅग फुगताना पुष्कळ गाड्यांत तिच्याच आधाराने उघडते. अशा जागी आंधळेपणाने काही फासणे, ही माझ्या मते कारागिरीची थट्टा आहे.

पत्र्यावरचा गंज घासून आपण प्राइमर लावून दिलात. फोम मात्र म्हाताऱ्या (पुष्य नक्षत्राच्या) पावसाच्या हवेत वाळता वाळेना, आणि तो पुरता कोरडा झाल्याखेरीज कार्पेट बसवायला आपण तयार नव्हता. गाडीवाचून आमची थोडी गैरसोय झाली, पण त्यात आपले काही चुकले नाही. बिलात आपण टेप, प्राइमर आणि मजुरी एवढेच लावलेत. गळती शोधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे लावले नाहीत, आणि हे मला पटलेले नाही. शोधणे हेच तर खरे काम होते. पुढच्या वेळी ते लावावेत, ही विनंती.

आमच्या शेजाऱ्यांच्या सनरूफच्या गाडीत छताचे कापड ओले होत आहे. कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्यांत कोणीतरी कंप्रेसरची हवा मारू पाहत होते. त्या जोराने खांबाच्या आतली नळी सांध्यातून निसटू शकते, हे आपण सांगितलेले मी त्यांना सांगितले आणि थांबवले. पाऊस कमी झाल्यावर ते आपल्याकडे येतील. गाडी कुठे आणि कोणत्या उतारावर लावतात, हे आठवून यायला मी त्यांना सांगून ठेवले आहे.

दसऱ्याच्या आसपास प्राइमर दाखवायला मीही येईन. मागच्या डाव्या दिव्याचे गॅस्केट कडक झाले आहे, असे आपण जाता जाता म्हणाला होता. जमल्यास ते मागवून ठेवावे.

कळावे,
आपला आभारी,
जांबोटी रस्त्यावरचा एक गाडीमालक