ताई, चिंगीच्या वाटीसाठी मनापासून आभार

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण इंग्लंडात फेरेट हा मुंगसासारखा छोटा प्राणी पाळणारी आणखी काही मराठी घरं असतीलच, आणि त्यांतल्या एखाद्या स्वयंपाकघरात आमच्यासारखंच मांसमच्छी शिजत नसेल. त्यांच्याही हाती हे पडावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

चिंगी, आमची फेरेट, आमच्याकडे आली तेव्हा चांगली मोठी झालेली होती. लेकीच्या मैत्रिणीचं कुटुंब देश सोडून निघालं होतं. मुंगसासारखा लांबुळका, तपकिरी जीव आणि सोबत एक पिशवी: कुत्र्याचं कोरडं खाणं आणि मनुकांची पुडी. 'मनुका म्हणजे तिचा जीव की प्राण,' असं सांगून ते गेले. लेकीने तुम्हाला फोन लावला, कारण तुम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आणि तुमच्या स्वतःच्या घरात दोन फेरेट. त्याच संध्याकाळी कामावरून परस्पर तुम्ही आमच्या दारात हजर.

तुम्ही आधी मनुका बाजूला काढल्यात. मग खाण्याचं पाकीट उलटं करून लेकीला पेन्सिल घ्यायला सांगितलंत. प्रोटीन ३०, फॅट १२, फायबर ४, राख (म्हणजे खनिजं) ८, ओलावा ८. 'बेरीज कर. आता शंभरातून वजा कर.' उरले ३८. 'हे पिष्ट. पाकिटावर हा आकडा छापत नाहीत, आपणच काढायचा.' मग दुसऱ्या पाकिटाचा हिशोब केलात, खास फेरेटच्या खाण्याचा: प्रोटीन ४०, फॅट २०, फायबर २, राख आणि ओलावा तेवढेच. उरले २२. आजही कुठलंही नवं पाकीट घरात आलं की लेक आधी ही वजाबाकी करते आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं आहे का ते बघते.

त्यामागचं कारणही तुम्ही आम्हाला समजेल असं सांगितलंत. फेरेट मांसावरच जगणारं. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. डाळ, भात, भाजी पचवायला त्या पोटाला सवडच मिळत नाही. वनस्पतींच्या प्रोटीनवर ठेवलं तर लघवीत खडे होण्याची भीती. कुत्र्याच्या खाण्यात टॉरिन, म्हणजे मांसातून मिळणारं एक गरजेचं पोषकद्रव्य, पुरेसं असेल याची खात्री नाही, म्हणून अडीअडचणीला मांजराच्या पिल्लांचं चांगलं खाणं चालेल, कुत्र्याचं नाही. आणि पोट असं भराभर रिकामं होतं म्हणून वाटी दिवसभर भरलेली हवी. आपल्यासारखं दोन वेळचं जेवण तिला पुरत नाही.

मनुकांबद्दल मात्र तुम्ही आवाज चढवलात, आणि ते बरंच झालं. वय वाढलेल्या फेरेटना बऱ्याचदा स्वादुपिंडात इन्सुलिनोमा नावाची गाठ होते, रक्तातली साखर एकदम खाली जाते. मागचे पाय लुळे पडणं, लाळ गळणं, तोंडावर पंजे मारणं, एकटक शून्यात बघत बसणं, ही लक्षणं तुम्ही लिहून फ्रिजवर चिकटवलीत. गोड आणि पिठूळ खाण्याचा त्यात हात असावा असा पुष्कळ डॉक्टरांना संशय आहे, पुरावा अजून पक्का नाही, हेही तुम्ही सरळ सांगितलंत. अर्धवट माहितीने घाबरवलं नाहीत, म्हणून तुमच्या शब्दावर आमचा भरवसा बसला.

खाणं बदलणं सोपं नव्हतं. फेरेट लहानपणी ज्या वासाला सरावतं तेच त्याला अन्न वाटतं, बाकीचं चक्क दिसतच नाही. चिंगी नवे दाणे वाटीतून एकेक उचलून जमिनीवर टाकायची. तुम्ही सांगितलंत, उपाशी ठेवून हट्ट मोडायला जाऊ नका, ते तिला धोक्याचं आहे. जुन्यात चिमूटभर नवं, वर कोमट पाणी, दर काही दिवसांनी चिमूट मोठी. ओठाला किंचित सामन माशाचं तेल लावलं की ती चाटायची, आणि चाटता चाटता एक दाणा पोटात जायचा.

मग आली कच्च्या मांसाची गोष्ट, आणि इथे मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. 'तुमच्या ओट्यावर काही आणू नका,' असं तुम्ही स्वतःहून म्हणालात. किर्कगेट मार्केटमधून कोंबडीची हृदयं आणून, तुमच्या घरी कापून, छोट्या डब्यांत गोठवून तुम्ही पाठवता. आम्ही गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवतो. हृदयात टॉरिन भरपूर असतं. शिजवलेलं हाड कधीच नाही, ते तडकून टोकदार होतं. आणि सोफ्यामागे तिने दडवलेला तुकडा त्याच दिवशी शोधून फेकायचा. आमच्या खाण्याला तुम्ही नावं ठेवली नाहीत आणि तिच्या खाण्यात काटछाटही होऊ दिली नाहीत. हे दोन्ही एकत्र सांभाळणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा चिंगीला दूधपोळी कुस्करून द्यायला निघाल्या होत्या. तुम्ही फोनवर त्यांना सांगितलंत, 'काकू, इकडचे जुने लोकही फेरेटला दूधपाव घालायचे. प्रेमाने घालायचे, पण दुधाने त्यांची पोटं बिघडायची.' काकूंना ते पटलं. आता त्या एकादशीला स्वतः भगर खातात आणि व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'चिंगीला तिचं मटण मिळालं ना?'

या हिवाळ्यात ती चांगलीच गोल झाली आहे. थंडीत फेरेटची चरबी वाढते आणि उन्हाळ्यात उतरते, हे तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून मी वाटीला हात लावलेला नाही. वजनाची वही मात्र चालू आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या नव्हे, तिच्या वेगळ्या काट्यावर. पुढच्या तपासणीला ती वही घेऊनच येते, तुम्ही एकदा नजर घाला.

तुमची,
चिंगीच्या घरची